दहाव्याची दोन विमानं

आमच्याकडे दहाव्याच्या पिंडाला कावळा शिवत नाही, विमान शिवतं. गेलेला माणूस एकटा राहणारा असला तर रोजच्या फेरीचं विमान येतं, भाताला चोच टेकवतं आणि वेळेवर निघून जातं. ज्यानं आयुष्यभर माणसं गोळा केली, त्याच्यासाठी अख्ख्या गटाला नेणारं चार्टर विमानही येतं. मग दोघांत थोडी ओढाताण होते. माझे बाबा सहली न्यायचे, त्यामुळे कराडच्या घाटावर सकाळीच दोन्ही विमानं येऊन बसली. मी दोन्ही वेळा दचकले.

पिंड मांडून झाला. विमानं हलली नाहीत.

"इच्छा राहिलीय काहीतरी," गुरुजी म्हणाले. "बोला कुणीतरी. नाहीतर दर्भाचं विमान करावं लागेल."

भाऊकाका, बाबांचे धाकटे भाऊ, हात जोडून पुढं झाले. "दादा, वहिनींची काळजी करू नका. तृप्तीचं लग्न मी लावून देईन," माझ्याकडे बोट करत ते म्हणाले. रोजच्या फेरीच्या विमानानं माझ्याकडे एकदा पाहिलं आणि मान फिरवली.

खरं तर इच्छा सगळ्यांना माहीत होती. सहलीच्या मंडळींना एकदा विमानानं न्यायचं, एवढीच. मंडळी दरवर्षी म्हणायची, "पुढच्या वर्षी नक्की." तीच मंडळी आता मागं सावलीत उभी होती.

चार्टर अदबीनं बोललं. "पूर्ण गटाशिवाय मला उडता येत नाही. सगळे आत्ता येत असतील तर साहेबांसोबत एकत्र बसवता येईल."

घोरपडे मास्तरांनी स्वतःच्या गुडघ्यांकडे पाहिलं. "पुढच्या वर्षी बघू की," ते म्हणाले. शिंगटे मावशींच्या सुनेचं बाळंतपण तोंडावर आलं होतं. आई तेवढी पदर खोचून उठली.

"मी येते."

मी तिचा हात घट्ट धरला. "आई, खाली बस."

"एकट्याचा गट होत नाही, वहिनी," चार्टर म्हणालं.

"माझी वेळ झाली," रोजच्या फेरीचं विमान म्हणालं. "एक असो की शंभर, मला निघावंच लागतं. साहेबांची जागा आहे." ते पिंडाशी गेलं, चोच खाली केली आणि मागं सरलं. "पण ते आत येईनात. दारातच उभे आहेत."

मग मला कळलं. बाबा बसमध्ये कधीच आधी चढले नाहीत. दारात उभं राहून, एकेकाच्या खांद्याला हात लावत मोजायचे. शेवटचा माणूस आत गेला की मगच त्यांचा पाय पायरीवर पडायचा.

मी उठले. भाऊकाकांच्या खांद्याला हात लावला, मास्तरांच्या, मावशींच्या.

"अगं, आमचं कुठं ठरलंय अजून," मावशी कुजबुजल्या.

मी मोजत राहिले. शेवटी आईच्या खांद्याला हात लावला आणि पिंडासमोर येऊन बसले.

"बाबा, सगळे चढले. मागं कुणी राहिलं नाही. या आता तुम्ही."

रोजच्या फेरीच्या विमानानं भाताला चोच टेकवली. पंखांचा आवाज झाला आणि ते नदीवरून वर गेलं. खिडकीत कुणीतरी मागच्या रिकाम्या सीटांकडे वळून बघत होतं.

"नमस्कार करा," गुरुजी म्हणाले.

चार्टर मात्र उठलं नाही. "मोजणी झालीय ना," ते म्हणालं. "मग ही मंडळी माझी. सावकाश येऊ देत."

तेव्हापासून ते आमच्या अंगणात आहे. आई सकाळी तुळशीला पाणी घातलं की त्याच्या खिडक्या पुसते. गेल्या आठवड्यात ती अशीच पुसत असताना आत एका सीटवरचा दिवा लागला. मी दचकले. थोड्या वेळानं घोरपडे मास्तरांच्या घरून निरोप आला.

आईनं फडकं पिळलं.

"मास्तर बसले," ती म्हणाली, आणि शेजारची खिडकी पुसायला घेतली.