उपणलेली वाळू

ताडकळसजवळच्या गोदाकाठी वाऱ्याचं यंत्र बसलं, तेव्हापासून रंगनाथ घड्याळापेक्षा यंत्राच्या फिरत्या वाट्यांकडेच जास्त बघायचा. शहात्तर सालचा एप्रिल होता. पात्रातली वाळू वाऱ्याने किती सरकते, ते वाऱ्याच्या आकड्यांवरून आधी कागदावर काढायचं, मग वाळूत पुरलेल्या पत्र्याच्या पेटीत खरोखर किती साठली ते मोजायचं, असं काम. दोन्ही आकडे जुळले तर कचेरीचे साहेब त्याला नोकरीत कायम करणार होते. नाही जुळले तर एक तारखेपासून घरी.

महिनाभराचं वारं मांडून रंगनाथने कागदावर आठ पायल्या वाळू काढली. कचेरीचा वजनकाटा बिघडलेला, म्हणून माप पायलीचं. त्यातच बोरीला बहिणीचा साखरपुडा निघाला. पेटी मोजायचं काम गावच्या लिंबाजीमामांवर सोपवून तो निघून गेला. मामांनी चाळीस वर्षं खळ्यावर धान्य मापलेलं. यापेक्षा भरवशाचा माणूस कुठला?

दोन दिवसांनी तो परतला तेव्हा पेटी झाडून लख्ख केलेली होती.

"मामा, किती भरली?"

"पाच पायल्या."

"पाचच? आठ पाहिजे होत्या."

"आधी असतील की आठ. उपणल्यावर पाच ऱ्हायल्या."

रंगनाथ रिकाम्या पेटीत डोकावला. "वाळू उपणली तुमी?"

"मग? न उपणता रास मापतेत का कुटं? लय फुफाटा हुता त्यात. तिवईवर चढलो, सुपानं सोडली. वारं बी झकास हुतं."

उडालेली वाळू गोळा करणं शक्य नव्हतं आणि साहेबांची जीप तर समोरून येत होती. जीप थांबली, साहेब उतरले. रंगनाथने तोंड उघडण्याआधीच मामांनी ऐटीत "पाच" सांगून टाकलं.

साहेबांनी हिशेबाचा कागद घेतला, पेन्सिल काढली आणि बराच वेळ खाली मान घालून आकडे तपासले.

"रंगनाथ, एकवीस तारखेचं वारं दोनदा धरलंत. त्या एका दिवसाच्याच तीन पायल्या होतात. त्या वजा करा."

रंगनाथने वजा केल्या. पाच उरल्या. त्याला लाजही वाटली आणि आनंदही झाला, आणि त्याने गप्प बसायचं ठरवलं.

"तुमची नोकरी कायम," साहेब म्हणाले. मग मामांकडे वळले. "हात मात्र तुमचा पक्का. पुढच्या साली अशा बारा पेट्या बसणार आहेत, त्या सगळ्या तुम्हीच मोजायच्या."

"मोजतो की, साहेब. पण वारं सुटल त्याच दिवशी बलवा. वाऱ्याबिगर आपलं काम होत न्हाई."

"अगदी बरोबर," साहेब गंभीरपणे म्हणाले, आणि ते वाक्य त्यांनी वहीत लिहून घेतलं.