दिवाकररावांची चोविसावी एकादशी

एकादशी करावी तर दिवाकर गर्ग्यांनी, बाकीचे सगळे नुसते साबुदाण्याचे गिऱ्हाईक! असं दिवाकरराव स्वतःच म्हणत. दुसऱ्या कुणाला म्हणायची संधी ते देतच नसत.

अंबडच्या एका कारखान्यात एकतीस वर्षं त्यांनी मालाची तपासणी केली. केसाएवढा फरक सापडला की अख्खा माल परत. निवृत्त झाल्यावर परत पाठवायला माल उरला नाही, तेव्हा ते माणसं परत पाठवू लागले. मुलगा शौनक चौतिशीचा झाला. त्याला नऊ स्थळं आली. दोन पत्रिकेनं घालवली आणि सात दिवाकररावांनी. एका मुलीच्या काकांनी चहा बशीत ओतून प्यायला, म्हणून त्यांना दारापर्यंत पोचवताना यांनी बशीचा उपयोग समजावून सांगितला होता. ते लोक पुन्हा फोन कशाला करतील?

शेवटी पंचवटीत भिक्षुकी करणाऱ्या चुलतभावानं उपाय काढला. वर्षभर चोवीस एकादश्या करायच्या आणि दुसऱ्या दिवशी द्वादशीला गुरुजी सांगतील त्या वेळेच्या आत जेवून उपास सोडायचा. हे पारणं एकदा जरी चुकलं तरी सगळं व्रत फुकट. आणखी एक गोष्ट त्यानं बजावली होती. तो दिवस देवाजवळ बसायचा असतो, त्या दिवशी कुणाला टाकून बोलायचं नाही. दिवाकररावांनी खाण्यापिण्याचं तेवढं वहीत उतरवून घेतलं.

बोलण्याचं काय विचारता! एरवी हा माणूस तापट, त्यात पोट रिकामं. एकादशीला दूधवाला घंटी न वाजवता पिशवी ठेवून पळायचा. खिचडीत मिरची जास्त म्हणून इंदिराबाईंना बोलणी, कमी म्हणून बोलणी, आणि नेमकी पडली तर आज एवढी बरी कशी झाली म्हणून बोलणी. पारणं पार पडलं की मात्र दिवाकरराव कॅलेंडरवर एकादशीच्या तारखेभोवती लाल पेनानं गोल काढायचे आणि चार पावलं मागे जाऊन बघायचे. असे तेवीस गोल झाले होते.

तेविसाव्या गोलानंतर शौनकनं तोंड उघडलं. त्याच्या ऑफिसातली सायली त्याला पसंत होती. मुलगी दिंडोरीकडची, घरची द्राक्षाची बाग, वडील पुंजाबा शेती बघतात. झालं! तीन दिवस घरात आदळआपट. शेतकऱ्याच्या घरात सोवळं नाही, ओवळं नाही, त्या लोकांना एकादशी कशाशी खातात ते तरी ठाऊक आहे का, असं दिवाकरराव भिंतींना विचारत राहिले. तिसऱ्या दिवशी इंदिराबाईंनी कणीक मळता मळता एवढंच सांगितलं, "हे दहावं स्थळ तुम्ही घालवलंत, तर मी सिन्नरला माहेरी जाईन आणि परत येणार नाही." सिन्नरच्या घराला बारा वर्षं कुलूप होतं. तरीही दिवाकरराव घाबरले.

मग त्यांनी स्वतःच पुंजाबांना फोन लावला. शनिवारी चोविसावी एकादशी, रविवारी पारणं. त्या पारण्याला, पुरणपोळीच्या पंगतीला पाहुण्यांना बोलवायचं. लग्न ठरायचं तर व्रताच्या सांगतेलाच ठरू दे, आणि त्या लोकांनाही कळू दे एकादशी कशी सोडतात ते! "रविवारी साडेआठला पारण्याला या. सव्वानऊच्या आत पानावर बसायचंय," असं सांगून त्यांनी फोन ठेवला. पलीकडून पुंजाबा काहीतरी म्हणत होते. ते ऐकायची यांना सवयच नव्हती.

आता गंमत बघा. कॅलेंडरात शनिवारच्या चौकोनात 'स्मार्त एकादशी' छापलेलं होतं आणि रविवारच्या चौकोनात 'भागवत एकादशी'. वर्षातनं एखाददोनदा तिथी अशी दोन दिवसांत वाटली जाते. गर्ग्यांसारखी घरं पहिली धरतात, गळ्यात तुळशीची माळ घातलेले माळकरी दुसरी धरतात. हे शौनकला सायलीनं सांगितलं होतं. शौनक बिचारा तीनदा बापाकडे गेला. पहिल्यांदा "मला शिकवू नकोस" ऐकून परतला. दुसऱ्यांदा "बाबा, त्यांची एकादशी…" एवढ्यावर "त्यांची कसली एकादशी!" म्हणून हाकलला गेला. तिसऱ्यांदा शनिवार होता, बाप उपाशी होता, त्यामुळे त्यानं दारातूनच माघार घेतली. पंचाईत अशी, की पुंजाबांनीही सायलीला बजावलं होतं, बोलावलंय तर जायचं, मोठ्या माणसाचा शब्द मोडायचा नाही.

रविवारी इंदिराबाई पहाटे चारला उठल्या. एकवीस पुरणपोळ्या, कटाची आमटी, बटाट्याची भाजी, भजी. सिडकोतल्या त्या दोन खोल्यांत तुपाचा असा वास सुटला, की कालपासून रताळ्यावर असलेले दिवाकरराव देवासमोर बसून स्वयंपाकघराकडेच बघत होते. साडेआठच्या ठोक्याला पाहुणे आले. पुंजाबा, त्यांच्या पत्नी सिंधुबाई, सायली, आणि द्राक्षांची पेटी. वेळेवर आले म्हणून दिवाकररावांना मनातून बरं वाटलं, पण बरं वाटलेलं दाखवायची पद्धत त्या घरात नव्हती. पाणी झालं, ओळखी झाल्या, ताटं वाढली गेली, उदबत्ती लागली. घड्याळात नऊ वाजून दोन मिनिटं.

"चला, बसा पानावर," दिवाकरराव म्हणाले.

पुंजाबा उठले नाहीत. त्यांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली आणि हात जोडले. तेव्हा कुठे दिवाकररावांना त्यांच्या गळ्यातली माळ दिसली.

"साहेब, राग मानू नका. आज आमची एकादशी हाय."

"एकादशी काल झाली!"

"काल तुमची झाली. आमची आज."

दिवाकररावांचं डोकं जे फिरलं! त्यांनी खिळ्यावरचं कॅलेंडर ओढून काढलं, रविवारच्या चौकोनावर बोट ठेवलं, वाचलं, आणि बोट तिथंच राहिलं. आपलं चुकलं हे कळल्यावर शहाणा माणूस गप्प बसतो. दिवाकररावांचा आवाज अशा वेळी वरच्या मजल्यावर जातो. कॅलेंडर छापणाऱ्याला बोलून झालं, चंद्राला बोलून झालं, शौनक मध्ये पडला तर त्याला "तू गप्प" म्हणून झालं. मग तोफ पाहुण्यांकडे वळली. यायचं कबूल करायचं आणि वाढल्या ताटाला नाही म्हणायचं, ही कुठली रीत?

"कबूल कवा केलं?" सिंधुबाईंनाही राग होताच. "हे सांगत व्हते, तुम्ही फोन ठिवून दिला."

सायलीचा चेहरा लालबुंद झाला. तिनं पर्स उचलली आणि वडिलांना म्हणाली, चला. शौनक दाराला टेकून उभा होता. दहावं स्थळ डोळ्यांसमोर निघालं होतं. इंदिराबाईंनी ताटांवर झाकणं घालायला सुरुवात केली. सिन्नरच्या कुलपाची किल्ली कुठल्या डब्यात आहे ते बहुतेक त्यांना आठवत असावं.

आणि वेळ सरत होती. नऊ वाजून सात मिनिटं. जेवावं, तर पाहुणा समोर उपाशी बसलेला, त्याच्यासमोर घास कसा घ्यायचा? न जेवावं, तर पारणं चुकलं, चोविसावी गेली आणि तिच्याबरोबर मागच्या तेवीसही गेल्या. दिवाकरराव ताटासमोर उभे राहून रागानं एकदा घड्याळाकडे, एकदा पाहुण्यांकडे बघत होते. राग कुणाचा, ते आता त्यांनाही सांगता आलं नसतं.

"थांब जरा पोरी," पुंजाबा म्हणाले. "साहेब, ही कितवी तुमची?"

"चोविसावी!" दिवाकरराव ओरडले. "वर्ष झालं करतोय! ह्याचं लग्न जमावं म्हणून!"

हे शौनकला माहीत नव्हतं. बापाला म्हातारपणी भक्ती सुचली आणि त्यापायी आपण दर पंधरा दिवसांनी बोलणी खातो, एवढंच तो वर्षभर धरून चालला होता. तो बापाकडे बघत राहिला. बापानं कॅलेंडर तोंडासमोर धरलं. सायली पर्स मांडीवर घेऊन परत खाली बसली.

"मग येळ कशाला घालवता?" पुंजाबा शांतपणे म्हणाले. "पाणी घ्या. तुळशीचं पान टाकून. कीर्तनात ऐकलंय मी, पारण्याची येळ टळाया लागली आन पाहुणा उपाशी असंल, तर पाणी प्यावं. जेवल्यागत बी व्हतं, आन नाय जेवल्यागत बी."

चाळीस वर्षं एकादशी करणारा माणूस सांगत होता आणि दिवाकररावांच्या वहीत हे नव्हतंच. ते गॅलरीत धावले. मागून इंदिराबाई ओरडल्या, रविवारी तुळस तोडायची नसते, द्वादशीला तर मुळीच नाही! दिवाकरराव कुंडीपुढे हात वर करून उभे. पुंजाबा आले, वाकले, कुंडीतल्या मातीवर गळून पडलेलं एक पान उचललं, धुतलं आणि पेल्यात टाकलं. नऊ वाजून तेरा मिनिटांनी दिवाकररावांनी पारणं केलं.

एवढ्यावर थांबले असते तर ते दिवाकरराव कसले? पाणी पोटात गेलं आणि छाती फुगली. आता पाहुण्यांबरोबर आपणही आज अन्न घेणार नाही, असं त्यांनी जाहीर केलं. कुणी म्हटलं नव्हतं हो! पुंजाबा नको नको म्हणत होते. पण नाही. मग द्राक्षांची पेटी फुटली, शेंगदाणे आले, बोलणी सुरू झाली. पोटात आग पडली होती, तरी दिवाकरराव द्राक्षाच्या छाटणीवर मान डोलवत होते. सिंधुबाईंनी चहा बशीत ओतला. दिवाकररावांनी बशीकडे बघितलं, इंदिराबाईंनी दिवाकररावांकडे बघितलं, आणि दिवाकररावांनी स्वतःचा चहाही बशीत ओतला. दुपारी बारापर्यंत साखरपुडा फाल्गुनात धरायचं नक्की झालं.

पाहुणे निघाले, तेव्हा तर त्यांना उदारपणाचा झटकाच आला. उद्या यांचं पारणं, पोळ्या यांच्याबरोबर द्या, असं त्यांनी दारातूनच फर्मावलं. इंदिराबाईंनी डोळ्यांनी खूण केली. "खुणा काय करतेस? सगळ्या दे. एकही ठेवू नकोस."

जीप वळणाआड गेली. दिवाकरराव घरात आले, हात धुतले, पाटावर बसले आणि म्हणाले, "हं, वाढ आता. पाहुणे गेले. दोन पोळ्या, तूप जास्त."

"कुठल्या पोळ्या?" इंदिराबाई म्हणाल्या. "तुम्हीच म्हणालात ना, एकही ठेवू नकोस. कालची खिचडी आहे, देऊ का?"

दिवाकररावांनी मोठा श्वास घेतला. असा श्वास घेतला की शेजारचे खिडक्या लावून घेत. तेवढ्यात गॅलरीतून शौनकचं हसणं ऐकू आलं. फोनवर सायली असणार. पोरगा असा हसलेला कितीतरी वर्षांत त्यांनी ऐकला नव्हता. त्यांनी श्वास तसाच आत ठेवला, हळूहळू सोडला आणि म्हणाले, दे.

खिचडी गिळगिळीत झाली होती. त्यांनी ती मुकाट्यानं संपवली. मग लाल पेन घेऊन कॅलेंडरपाशी गेले आणि शनिवारवर चोविसावा गोल काढायला हात उचलला. इंदिराबाईंनी पेन काढून घेतलं.

"कालची कसली एकादशी? काल दूधवाल्याला बोललात, मला बोललात, शौनक तर दारातूनच पळाला." त्यांनी रविवारभोवती नीट गोल काढला. "आज सकाळी तोफ डागलीत खरी, पण शेवटी राग गिळलात. ही खरी."

दिवाकररावांना ते पटल्यासारखं वाटलं. चार पावलं मागे जाऊन ते समाधानानं बघू लागले.

"म्हणजे एक झाली," इंदिराबाई पेनाला टोपण लावत म्हणाल्या. "आता तेवीस राहिल्या."