खोबऱ्याची चिक्की कोणी लिहिली

सोमवारी सकाळी केशव ठोसर यांनी घरातला संगणक उघडला, तेव्हा आपण न खाल्लेली चिक्की आपल्या नावावर लागलेली त्यांना दिसली.

फाईलचं नाव 'खरी नोंद'. तिच्यात शेवटची ओळ अशी होती: 'रविवार. खोबऱ्याची, दोन वड्या. गूळ झकास उतरलाय.' केशवराव चष्मा पुसून पुन्हा वाचायला बसले. ते खायचे ती शेंगदाण्याची क्रश, म्हणजे कुटलेल्या दाण्यांची, क्वचित तिळाची. खोबऱ्याच्या वाटेला ते कधी जातच नसत, कारण खोबऱ्याचा चोथा कवळीखाली जाऊन बसला की दिवसभर हलत नाही.

आता, मधुमेही माणसाच्या संगणकात चिक्कीची नोंद मुळात का असावी, हे सांगायला हवं. केशवराव निवृत्त मुख्याध्यापक आणि तुंगार्लीच्या गोडत्याग मंडळाचे अध्यक्ष. पत्नी इंदिराबाईंसकट बावीस सभासद, सगळ्यांची साखर चढलेली. लोणावळ्यात राहून गोड सोडायचं म्हणजे ज्या गावात पावलापावलाला चिक्कीचं दुकान, त्या गावात मान खाली घालून चालायचं. मंडळाची शपथ केशवरावांनीच लिहिली होती: 'गोड खाणार नाही. खाल्लंच, तर त्याच दिवशी लिहून ठेवीन.' प्रत्येकाने आपला साखरेचा तक्ता मंडळाच्या फोल्डरमध्ये ठेवायचा, हा नियमही त्यांचाच. पुण्याला असणाऱ्या लेकीने, अनुष्काने, ते फोल्डर त्यांना करून दिलं होतं.

शपथेचा पहिला भाग दुसऱ्याच महिन्यात मोडला. दुसरा भाग मात्र त्यांनी एक दिवस चुकवला नाही. चौतीस वर्षं हजेरीपट भरलेला माणूस, खाईल पण खाडाखोड करणार नाही. आणि येत्या रविवारी मंडळ त्यांना 'वर्षभर गोड न खाल्ल्याबद्दल' शाल, श्रीफळ देणार होतं. ती फाईल कोणाच्या हाती लागली असती, तर अब्रूचं पार खोबरं झालं असतं.

आणि ती कोणाच्या तरी हाती लागली होती. केशवरावांना तसा संशय वर्षभर होताच. त्यांनी चोरून गोड खाल्लं, की दुसऱ्या दिवशी ताटात कारलं यायचं. इंदिराबाई एका शब्दाने बोलत नसत, नुसतं वाढत. आता तर फाईलमध्ये कोणी लिहूही लागलं होतं. संगणकात हेर शिरलाय, याबद्दल त्यांची खात्री पटली.

'संगणकात हेर शिरला हे कसं ओळखावं,' असं त्यांनी त्याच संगणकाला विचारलं. लगेच एक लाल चौकट उघडझाप करू लागली: 'तुमच्या संगणकात ३७ हेर सापडले. ताबडतोब इथे दाबा.' सदतीस म्हणजे एक अख्खा वर्ग. केशवरावांनी ताबडतोब दाबलं.

दहा मिनिटांत हेर बावन्न झाले. पडद्याच्या वरच्या बाजूला बटणांच्या तीन रांगा लागल्या आणि आतून एक बाई खड्या आवाजात बजावू लागली, "सावधान, आपका कंप्यूटर खतरे में है."

"अहो, कोण आलंय?" इंदिराबाईंनी स्वयंपाकघरातून विचारलं.

"कोणी नाही."

"मग ती बाई सावधान कोणाला म्हणतेय?"

"बातम्या आहेत," असं सांगून केशवरावांनी आवाजाची वायर उपटली. तेवढ्यात पडद्यावरच्या कॅमेऱ्याचा बारीकसा डोळा त्यांच्याकडे बघतोय असं त्यांना वाटलं. त्यांनी इंदिराबाईंच्या पाकिटातली सगळ्यात मोठी टिकली आणून त्याच्यावर चिकटवली. मग डॉक्टरांसारखे हात धुऊन आले.

मुख्याध्यापकाला चोर पकडायची एकच रीत माहीत असते, ती म्हणजे सापळा. मंगळवारी त्यांनी गोडाला शिवलंही नाही, पण फाईलमध्ये लिहिलं: 'कंदी पेढे, तीन.' आयुष्यातली पहिली खोटी नोंद होती ती.

बुधवारी सकाळी मंडळ धरणापर्यंत फिरायला गेलं. सेक्रेटरी महिपती शेजारून चालत होते. लोहगडवाडीला ट्रेकवाल्यांना पिठलं-भाकरी खाऊ घालण्यात त्यांचा जन्म गेला होता, आता मुलाकडे लोणावळ्यात होते. ते हळूच म्हणाले, "गुरुजी, पेढं तीन म्हंजी जरा जास्तच झालं. येकावर थांबायचं व्हतं."

केशवरावांचे पाय जागीच थांबले. "तुम्हाला कोणी सांगितलं?"

"आता ह्ये काय इचारणं झालं?" महिपती हसले आणि पुढे निघून गेले.

दुपारी ताटात कारलं होतं. न खाल्लेल्या पेढ्यांचं कारलं केशवरावांनी मुकाट्याने खाल्लं. म्हणजे हेर एक नव्हता, टोळी होती. बातमी घरात पोचत होती आणि मंडळातही.

शेवटी त्यांनी प्रतीक्षाला फोन केला. प्रतीक्षा त्यांची जुनी विद्यार्थिनी, बाजारपेठेत तिचं संगणक दुरुस्तीचं दुकान होतं. शनिवार-रविवारी बंगलेवाल्यांचे वायफाय चालू करण्यातच तिचा जीव जाई, तरी शनिवारी सकाळी ती आली. टिकली बघून तिने भुवया उंचावल्या आणि ती कामाला बसली. तिने आधी इंटरनेट तोडलं, मग बसवलेल्या सगळ्या प्रोग्रॅमची यादी तारखेने लावली.

"सर, तारखेने लावलं की चोर आपोआप पुढे येतो. हे बघा. सोमवारी नऊ सतराला एक, नऊ अठराला तीन, नऊ वीसला ती ओरडणारी बाई."

"कोणी बसवले?"

"तुम्ही, सर. हेर हाकलण्यासाठी तुम्ही हेरांनाच घरात घेतलंत."

एकेक करून तिने सगळे काढले, वरच्या बटणांच्या रांगा काढल्या, पूर्ण तपासणी लावली, पासवर्ड बदलायला लावले. तासाभराने इंटरनेट परत जोडत ती म्हणाली, "आता स्वच्छ आहे. आणि सोमवारच्या आधीचा एकही हेर यात नव्हता."

"मग माझी फाईल कोण वाचतं?"

प्रतीक्षाने फाईल कुठे ठेवलीय ते बघितलं आणि तिला हसू आवरेना. "बावीसच्या बावीस जण वाचतात. सर, तुम्ही 'खरी नोंद' मंडळाच्याच फोल्डरमध्ये ठेवलीये. तुम्ही एक ओळ लिहिली, की सगळ्यांच्या मोबाईलवर टुण्ण होतं."

केशवराव खुर्चीत बसले होते ते आणखी खाली बसले. स्वतःच्याच नियमाने स्वतःचीच चोरी वर्षभर त्यांनी चौकात टांगून ठेवली होती. भांडं फुटलं होतंच, फक्त आवाज त्यांना आज आला.

"पण खोबऱ्याची कोणी लिहिली?"

"लिहायची परवानगीही सगळ्यांना आहे. कोणी लिहिलं ते नावासकट कळतं, थांबा," म्हणत प्रतीक्षाने काहीतरी उघडलं. तेवढ्यात इंदिराबाई चहा घेऊन आल्या. प्रतीक्षाने पडद्याकडे पाहिलं, मग इंदिराबाईंकडे पाहिलं आणि चहा बशीत ओतून ती सावकाश प्यायली. "ते पुन्हा कधीतरी बघू, सर. मला शिरगावला पोचायचंय, भक्तनिवासाचा प्रिंटर अडलाय. जाता जाता फाईल पुसून टाकू का?"

"नोंद पुसायची नसते," केशवराव म्हणाले. त्यांच्या डोळ्यांत पाणी होतं. सगळं मंडळ हसत असेल आपल्याला, या विचाराने त्यांना खरंच रडू येत होतं.

दुपारभर बसून त्यांनी राजीनामा लिहिला. रविवारी सभागृहात महिपतींनी शालीची घडी मोडायला घेतली, तसे ते उठून उभे राहिले.

"ही शाल मला घेता येणार नाही. मी वर्षभर गोड खाल्लं आहे. फाईलमध्ये नोंदी त्रेसष्ट."

"बासष्ट," मागून कोणीतरी म्हणालं. "पेढे पटत नाहीत. मंगळवारी तुमचा कडकडीत उपास असतो."

सभागृह हसलं. महिपतींनी ध्वनिक्षेपक हातात घेतला. "गुरुजी, आमी समद्यांनी वाचलंय. आमाला वाटलं, तुमी मुद्दाम ठिवलंय. अध्यक्ष येवढं खातोय अन् खरं लिवतोय, मंग आपुन येका लाडवापायी का खोटं बोलायचं? तवापासनं समदे खरं लिवाय लागले. पत्रिकेत न खाल्ल्याचं छापलंय, त्ये छापू द्या. शाल खऱ्याची हाय."

शाल खांद्यावर पडली, टाळ्या पडल्या. केशवरावांना हायसं वाटलं. महिपती मात्र ध्वनिक्षेपक सोडेनात.

"फकस्त येक सांगा. ती खोबऱ्याची कुठल्या दुकानातली? तुमचं वाचून मी अख्खी बाजारपेठ हिंडलो, तसली न्हाई घावली."

"ती मी लिहिली नाही," केशवराव म्हणाले. "मी खोबऱ्याची खातच नाही."

पहिल्या रांगेत इंदिराबाई पर्समध्ये काहीतरी शोधू लागल्या. त्या पर्समध्ये घराची किल्ली आणि रुमाल सोडून काही नसतं, हे केशवरावांना माहीत होतं.

"दुकानातली नाही," अखेर पर्सकडे बघतच त्या म्हणाल्या. "घरची आहे. तुम्ही सगळे धरणावर जाता तेव्हा करते. शपथ घेतलीये तर लिहायला नको? नाव कोणाचं घालायचं, ते शपथेत कुठे म्हटलंय?"

शपथेचा मसुदा केशवरावांचा होता. त्यांनी तो मनातल्या मनात दोनदा वाचून पाहिला. बाईंचं बरोबर होतं.

सोमवारी सकाळी केशवराव नवीन शाल पांघरून संगणकापुढे बसले होते. इंदिराबाई स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी पदराला हात पुसले.

"अहो," त्या म्हणाल्या, "आज भाजी कसली करू?"

वर्षभरात हा प्रश्न त्या घरात विचारला गेला नव्हता. केशवरावांनी कॅमेऱ्यावरची टिकली अलगद काढली आणि उठून इंदिराबाईंच्या तळहातावर ठेवली.

"बटाट्याची," ते म्हणाले.