काम झालं, सर्वांचे आभार

अब्दिल्दाची जीप ओढ्याच्या बरोबर मध्यभागी बंद पडली तेव्हा गाडीत तिघं होते आणि तिघांपैकी कुणालाही आश्चर्य वाटलं नाही. जीप सोव्हिएत काळातली, गाझ-६९, वयाने अब्दिल्दाहून मोठी. इंजिनाच्या पंख्याने ओढ्याचं पाणी उचलून इंजिनाला ठिणगी पुरवणाऱ्या डेलकोवर मारलं, ठिणगी पडायची थांबली आणि सगळं शांत झालं. फक्त पाणी तेवढं चाकांमधून खळखळत राहिलं.

मागच्या सीटवर सायकाल, म्हणजे अब्दिल्दाची बायको, मांडीवर बोरसोकची, म्हणजे तळलेल्या पिठाच्या गोळ्यांची, परात घेऊन बसली होती. वर कुरणावर तिच्या आईच्या तंबूत आज ऐंशीव्या वाढदिवसाचं जेवण होतं.

"मी काय सांगितलं होतं?" ती म्हणाली.

"आठवतंय."

"मोठ्याने बोला. तिलेकलाही ऐकू दे."

"आज गाडी तुझ्या आईच्या तंबूपर्यंत पोचली नाही, तर बिश्केकच्या त्या दातांच्या डॉक्टरला विकून टाकायची."

"ते आज जेवायलाच येतायत. आईने बोलावलंय," सायकाल म्हणाली आणि एक बोरसोक तोंडात टाकला.

अब्दिल्दाने स्टिअरिंगवरून हात फिरवला. घरात त्याला चहात दूध किती हवं हेसुद्धा कुणी विचारत नसे. पण जुन्या जीपवाल्यांच्या ऑनलाइन मंचावर लोक त्याला मागच्या अॅक्सलबद्दल मत विचारत. मंचावर त्याचं नाव 'करडा_लांडगा' होतं. जीप गेली तर लांडग्याला मंचावर काय काम? दातांच्या डॉक्टरचा सल्ला वाचत बसायचं?

"मंचावर विचारतो," तो म्हणाला.

"दाजी, मंचावर उत्तर येईपर्यंत बर्फ पडेल," पुढे बसलेला मेहुणा तिलेक म्हणाला. त्याचा स्वतःचा व्हिडिओंचा पसारा होता आणि त्याच्या मागे चाळीस हजार माणसं होती. ती माणसं नेमकी कशासाठी मागे होती, हे घरात कुणाला कळलं नव्हतं. "मी लाइव्ह जातो. जगात कुणालातरी माहीत असेल."

"जगाला काय कळतंय गाझमधलं?"

फोनला रेंज फक्त बॉनेटवर उभं राहिलं तरच मिळत होती. म्हणून दोघं बॉनेटवर चढले आणि एकमेकांच्या खांद्याला धरून आपापल्या फोनमध्ये तोंड घालून उभे राहिले. लांबून कुणी पाहिलं असतं तर भाषण चालू आहे असं वाटलं असतं.

लांबून एकजण पाहत होताही. टेकडीवर जुमाश नावाचा म्हातारा मेंढपाळ आपल्या घोडीवर बसून मघापासून इकडेच बघत होता.

तिलेककडे लगेच लाइकचे बदाम पडायला लागले. "ओढा किती सुंदर!" एकजण म्हणाला. "गाडीचा रंग मूळचा आहे का?" दुसरा म्हणाला. "मागे बसलेल्या ताई काय खातायत?" तिसऱ्याने विचारलं, आणि या प्रश्नालाच सगळ्यात जास्त बदाम मिळाले. शेवटी एकाने खरंच उपाय सांगितला. डेलकोवर दारू ओत, दारू पाणी घेऊन उडून जाते.

"दारू कुठाय?" अब्दिल्दा म्हणाला.

"माझी कुमिस आहे की. वाटेत घेतली ती."

"घोडीचं दूध आहे ते, गाढवा!"

"आंबवलेलं. माणसाला चढते ना? मग डेलकोला नाही चढणार?"

चाळीस हजार माणसांसमोर माघार कशी घ्यायची? त्यांनी कुमिस ओतली. आधी डेलको नुसता भिजला होता. आता तो आंबटही झाला.

"शाबास," मागून सायकाल म्हणाली. "ताक घुसळायचं का आता?"

एवढ्यात मंचाचं उत्तर आलं. मंचाचा संपादक 'जुना_धुरा' याला कुणी कधी पाहिलं नव्हतं, पण त्याला सगळे घाबरत. त्याने लिहिलं होतं: "आधी शोधा, मग विचारा. याच ओढ्याबद्दल २००९ साली धागा येऊन गेला आहे. हा धागा बंद."

"बघ!" अब्दिल्दा आनंदाने बॉनेटवरच नाचला. "याला म्हणतात ज्ञान. जपून ठेवलेलं. तुझे बदाम उद्या कुठे शोधशील?"

त्याने जुना धागा उघडला. कुणा 'लोखंडी_अस्वल' नावाच्या माणसाने अगदी हाच प्रश्न विचारला होता. गाझ-६९, ओढा, ओला डेलको. खाली एकोणीस सल्ले होते, एकमेकांच्या विरुद्ध. आणि सगळ्यात शेवटी धागाकर्त्याचा प्रतिसाद: "काम झालं. सर्वांचे आभार."

"कसं झालं?" तिलेकने विचारलं.

अब्दिल्दाने वर पाहिलं, खाली पाहिलं, पुढचं पान शोधलं. पुढचं पान नव्हतं.

"लिहिलंच नाही! काम झालं म्हणे! अरे पण कसं?" तो संतापला आणि त्याने तिथेच लिहून टाकलं: "उपाय न सांगता पळून जाणारी असली माणसं मंचाला लागलेली कीड आहेत. या अस्वलाला जाहीर शिक्षा झाली पाहिजे. करडा_लांडगा."

जुना_धुराने ताबडतोब उत्तर दिलं: "सहमत. शिक्षा तुम्हीच सुचवा. माणूस तुमच्या चांगल्या ओळखीचा आहे."

"माझ्या?"

तिलेक धाग्यातला फोटो मोठा करून बघत होता. "दाजी, या गाडीत मागे ताई बसलीय. आणि ताई काहीतरी खातेय."

पासवर्ड विसरून नवं नाव घेण्याआधी मंचावर आपलं नाव काय होतं, हे अब्दिल्दाला हळूहळू आठवत गेलं.

"मग तेव्हा काय केलं होतंत, दाजी?"

"आठवत नाही रे."

"मला आठवतंय," सायकाल म्हणाली. "जुमाशच्या घोडीने ओढून काढली होती. तुम्ही म्हणालात, घोडीचं नाव मंचावर घेतलं तर मी तोंड कुठे दाखवू."

तिघांनी टेकडीकडे पाहिलं. सायकालने हात हलवल्यावर जुमाश सावकाश खाली आला.

"बाबा, मघापासून बघत होतात, आला का नाहीत?" तिलेकने विचारलं.

"मागच्या वेळी यांनी शपथ घातली होती," जुमाश म्हणाला, "की तू काही पाहिलं नाहीस. मी अजून पाहिलेलं नाही."

त्याने दोर बांधला. घोडीने आधी बॉनेटखाली तोंड घालून डेलको चाटला आणि आपलं दूध इथे कसं, अशा चेहऱ्याने अब्दिल्दाकडे पाहिलं. मग तिने जीप ओढली ती थेट सासूच्या तंबूसमोर आणून उभी केली. तिलेकचं लाइव्ह अजून चालूच होतं.

दातांचे डॉक्टर तंबूबाहेरच उभे होते. त्यांनी जीपभोवती एक चक्कर मारली आणि घोडीभोवती दोन.

"गाडी पोचली," अब्दिल्दा घाईने म्हणाला. "कशी पोचायची ते ठरलं नव्हतं."

सायकालने परात डॉक्टरांच्या हातात दिली आणि ती नवऱ्याकडे वळली. "खरंय. पोचली. ठेवा गाडी. पण मंचावर खरं लिहायचं. आत्ता. मांस वाढायच्या आत."

तंबूच्या दाराशी रेंज होती, तिथेच बसून अब्दिल्दाने लिहिलं: "लोखंडी_अस्वल मीच. दोन्ही वेळा घोडीने ओढली." डोळे मिटून त्याने ते पाठवलं आणि आता मंचावरून आपलं नाव कापलं जाणार म्हणून मान खाली घालून बसला. मांस आलं. जावयाच्या वाट्याचा छातीचा तुकडा त्याच्या पुढ्यात आला, तरी त्याने त्याला हात लावला नाही.

मग फोन वाजू लागला. "माझीही घोडीनेच," ताल्दिकुर्गानहून एकाने लिहिलं. "आमच्याकडे उंट होता," दुसऱ्याने लिहिलं. "गाढवं, दोन," तिसऱ्याने. सगळ्यात शेवटी जुना_धुरा आला: "खेचर. १९९८. माझ्या गाडीला ओढायला आजवर दुसरं काही लागलेलं नाही. मात्र चर्चा विषय सोडून जात असल्याने घोड्यांसाठी वेगळा विभाग उघडत आहे."

अब्दिल्दाने छातीचा तुकडा दोन्ही हातांनी उचलला.

गाडी त्याच्याकडेच राहिली. डॉक्टरांनी जुमाशची घोडी विकत मागितली, ती त्याने दिली नाही. मग अब्दिल्दानेच स्वतःसाठी एक घोडी घेतली, जीपचा सुटा भाग म्हणून. पुढच्याच आठवड्यात ती ओढ्याच्या मध्यभागी थांबली आणि काही केल्या पुढे सरकेना. त्याने तिच्या पाठीवर उभं राहून रेंज पकडली आणि नव्या विभागात प्रश्न टाकला.

लगेच उत्तर आलं.

"आधी शोधा."