सुमनबाईंच्या डब्यातली चार बटणं

वसमतच्या सुमनबाईंनी आपल्या टायपिंगच्या क्लासात संगणक आणले त्याच दिवशी प्रत्येक कीबोर्डचं एक बटण पेचकसानं उपटलं आणि आपल्या पानाच्या डब्यात टाकलं. खोडायचं बटण, बॅकस्पेसचं. चार संगणकांची चार. उद्घाटनाला आलेले पुढारी तेव्हा जिना उतरत होते. संगणकयुगावर अर्धा तास बोलून, एकाही बटणाला बोट न लावता.

"काहून हो बाई?" मी विचारलं.

"खोडता येतंय म्हणलं की लेकरू चुकायला मोकळं. आधी डोस्कं, मग बोट."

हे त्यांचं जुनंच वाक्य. नव्वदच्या सुमाराला, हळदीच्या अडतीवरच्या याच खोलीत मी त्यांच्याकडे टायपिंग शिकलो. हंगामात यंत्रांवर पिवळी धूळ बसायची. एक अक्षर चुकलं की बाई रोलरमधला कागद सर्रकन ओढायच्या. "पुन्हा पहिल्यापासून. तीन कार्बन लावले की एक चूक चार जागी उमटते, बाबा." चार महिन्यांत माझा एकही अर्ज पुरा झाला नाही. पुढं कारकून झालो तेव्हा कळलं, अर्ज पुरे व्हायची घाई तिथंही कोणाला नव्हती.

सगळ्यांत जास्त कागद ओढले गेले ते बाईंच्या रेखाचे. पोटची पोर म्हणून तिला सवलत नव्हती, उलट दुप्पट शिस्त. एकदा भर वर्गात एकच पान अकरा वेळा. अकराव्यांदा रेखा उठली ती मावशीकडे पुण्यालाच गेली. तिथं संगणक शिकली, कोणी न शिकवता. दिवाळीला येणं कमी होत होत थांबलं. फोनवर नुसतं "बरी आहे."

नव्या पोरांनी बाईंचा डबा निकामी केला होता. बटण नाही तर नाही, खालच्या रबरावर पेनचं टोपण दाबून ती खोडायची. बाईंनी लिहायला लावलेली वही कोणी उघडत नसे. दिसेल ते दाबायचं, बिघडलं की हसायचं, दुसरं दाबायचं.

"भ्याव म्हणून न्हाई ह्यांना," बाई मला सांगायच्या. "अन् तरी शिकून राहिलेत, हीच तर तकलीफ हाय."

एका संध्याकाळी, पोरं गेल्यावर, त्यांनी मला वर बोलावलं. रेखाचा ई-मेल आला होता, पहिलाच. पोरांकडून छापून घेतलेल्या चार ओळी, त्यांत सात चुका. बाईंच्या लाल पेन्सिलीची मात्र एकही खूण नव्हती.

"आठ दिस झाले, उत्तर लिहून राहिले. पुरंच होईना."

त्या लिहायला बसल्या. इंग्रजी अक्षरांत मराठी उमटू लागलं: रेखा, त्या दिवशी मी तुला... तिसऱ्या ओळीत बोट घसरलं. हात सवयीनं कागद ओढायला वर गेला आणि रिकामाच खाली आला. सगळं बंद करून पुन्हा पहिल्यापासून. माझ्यादेखत तीनदा.

मी डब्यातलं एक बटण काढून पुढं केलं. "लावू का, बाई?"

त्यांनी ते तळहातावर घेतलं, बराच वेळ पाहिलं, आणि परत डब्यात टाकलं. चौथ्या खेपेला पाचव्या ओळीत चुकलं. हात अर्ध्यावर उचलला गेला, थांबला.

"राहू दे तसंच," त्या म्हणाल्या. "आई बी चुकते, एवढं तर पोचंल तिला."

मग पाठवायचं कुठून, हे मला न विचारता, त्या पडद्यावर दिसेल ते एकेक दाबून बघू लागल्या.