हरायचा डाव

सांगवीतल्या जयंती मंडळाच्या बुद्धिबळ स्पर्धेत धम्मरत्नची पहिलीच जोडी लागली ती साहेबरावांशी, म्हणजे नेहाच्या वडिलांशी. लग्नाला त्यांचा होकार अजून यायचा होता.

"तू हरायचं," नेहाने फोनवर बजावलं. "पप्पा हरले की जेवताना कुणाशी बोलत नाहीत."

"मुद्दाम हरलो हे कळलं तर?"

"मग नीट हर ना."

धम्मरत्न चाकणच्या कंपनीत क्वालिटीला होता. कुठलंही काम नीटच करायची सवय. पांढरी मोहरी त्याच्याकडे आली. मधली प्यादी सोडून त्याने राजाच्या बाजूच्या घोड्यापुढचं प्यादं दोन घरं ढकललं. पहिल्याच खेळीत राजा उघडा. शहाणा माणूस अशी सुरुवात करत नाही.

साहेबरावांनी चष्मा पुसला आणि पटाकडे बघत बसून राहिले. त्यांचं घड्याळ चालू होतं.

"पोरगा काहीतरी वाचून आलाय," मागे कुणीतरी कुजबुजलं. टेबलाभोवती गर्दी जमली.

धम्मरत्नने उंट मारायला दिला. साहेबरावांनी मारला नाही. हत्ती दिला, तर त्यांनी कडेचं एक प्यादं सरकवलं. शेवटी त्याने वजीरच पुढ्यात नेऊन ठेवला.

"सापळा आहे राव, घेऊ नका," गर्दीतून आवाज आला. पंचांनी डोळे वटारले. साहेबराव हाताची घडी घालून बसले ते वेळ संपेपर्यंत.

काळ्याची वेळ संपली म्हणून पांढरा जिंकला. टाळ्या पडल्या.

"एक काम सांगितलं होतं तुला," नेहा म्हणाली.

"अगं, वजीर देत होतो. ते घेईनात."

रविवारी दिघीच्या घरी बोलावणं आलं.

"ती पहिली खेळी," साहेबरावांनी बसल्या बसल्या विचारलं, "कुठं शिकलात?"

"कुठं नाही, काका. मला हरायचं होतं."

"मलाही," साहेबराव म्हणाले. "हिची ताकीद होती, चारचौघांत पोराला हरवू नका म्हणून."

"मग, काय चुकलं माझं?" नेहाची आई कस्तुराबाई दारातून म्हणाल्या.

"लोकांना वाटलं, मी विचार करतोय. वेळ संपायची वाट बघत होतो. आणि हे एकेक मोहरं आणून तोंडात कोंबतायत." साहेबराव त्याच्याकडे वळले. "हरायचं दोघांनी ठरवलं. मला जमलं, तुम्हाला नाही. मग जिंकलं कोण?"

"तुम्हीच, पप्पा," धम्मरत्न बोलून गेला आणि त्याने जीभ चावली.

साहेबरावांनी कोपऱ्यातला पट ओढून मोहरी मांडायला घेतली.

"आता खरं खेळू," ते म्हणाले. "आणि पप्पा म्हणालात म्हणून सोडणार नाही."