दोन घरांचं पन्हाळ

आमच्या शेजारचे किसनभाऊ पन्हाळाच्या पाइपाला कान लावून बसत, डॉक्टर छाती तपासतो तसे. तिसऱ्या मजल्याच्या गच्चीवरून पन्हाळात लोटाभर पाणी सोडायचं आणि धावत जिने उतरून खाली ऐकायचं. ते पोचेपर्यंत पाणी कधीच वाहून गेलेलं असे. तरी यांना ऐकू यायचं. "अडकलं लेकाचं!" म्हणत पुन्हा वर.

दिग्रसच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते जन्मभर फिटर होते. बायको वारली, पोरगा पुण्याला. एवढ्या मोठ्या घरात एकटा माणूस, आणि सगळा जीव टिनाच्या त्या पन्हाळात. "घराचं आतडं हाये थे," म्हणायचे. कमरेला दोर बांधायचे. दोराचं दुसरं टोक पाण्याच्या टाकीला. टाकी प्लास्टिकची, आणि बहुतेक वेळा रिकामी. हातात बांबूला बांधलेला भज्यांचा झारा. त्यानं कुजका पाला उचलायचा अन् सरळ माझ्या अंगणात सोडायचा.

"घ्या तात्या, तुमच्या लिंबाचा माल!"

कडुलिंब माझा, हे खरं. पण मी कुणाचं ऐकून घेणारा नाही. खालून ओरडायचो, "मंग घर सरकवा तुमचं! माह्या घरालेबी पन्हाळ हाये, थे काहून नाही तुंबत? उतार मी सोता धरला हाये!"

दहा वर्षं हे गल्लीभर सांगत फिरलो. चौथी शिकलेल्या माणसाचं काम पाहा म्हणून.

गेल्या उन्हाळ्यात आमच्या घरच्यांनी अंगणात खाटेवर मुगाच्या वड्या वाळत घातल्या होत्या. वरून काळा गाळ आला तो नेमका त्यांच्यावर. माझं डोकं फिरलं. तसाच त्यांच्या पोराला फोन लावला. "तुहा बाप तिसऱ्या मजल्यावर लटकून राह्यला. पडला त आमाले बोल लावू नको. घेऊन जाय त्याले."

त्यांच्या पडण्याची मला काळजी नव्हती. मला माझं अंगण साफ पाहिजे होतं.

तिसऱ्या दिवशी पोरगा गाडी घेऊन हजर. बॅगा भरल्या, दाराला कुलूप लागलं. किसनभाऊ इस्तरीचा सदरा घालून माझ्या अंगणात आले.

"तात्या, पन्हाळातला पाला काढाले मानूस लावा. तुमी चढू नका."

"माह्यं तुंबत नाही."

"तुंबते न. मी काढतो थे. गच्चीवरची मंधातली भिंत टपून तुमच्याकडं उतरतो." आवाज त्यांनी खाली आणला, आमच्या घरात कुणाला ऐकू जाऊ नये म्हणून. "तुमचे गुडघे पाह्यतो मी रोज. सांगतलं असतं त जिद्दीनं शिडी लावली असती तुमी."

म्हणजे मी ज्याच्यावरून शिव्या देत होतो, त्यातला अर्धा पाला माझ्याच पन्हाळातला. कुठं पाहावं कळेना. मी वड्यांच्या रिकाम्या खाटेकडे पाहत राहिलो.

"एक सांगू काय तात्या? पोरगा मने, शेजारच्या काकाचा फोन आलता." त्यांनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "त्याची माय गेल्यापासून मी पडीन याचं भेव कोणालेच नोतं. तुमाले होतं."

रस्त्यावर हॉर्न वाजला. खरं काय ते माझ्या जिभेवर आलं होतं. मी ते गिळलं आणि म्हटलं, "सांभाळून जा."